शाळा तलावावर आहे

जून अर्धा सरला आणि नांदेडात आभाळ अजून स्वच्छ आहे. स्वच्छ आभाळाचं कौतुक करणारे लोक कुठल्या मुलखात राहतात कोण जाणे; आमच्याकडं जूनमधलं निळं आभाळ म्हणजे घासून पालथं घातलेलं भांडं. गल्लीत टँकर येतो. रांगेतल्या घागरी पितळेच्या होत्या त्या प्लास्टिकच्या झाल्या, एवढाच काय तो विकास. भांडणं तीच आहेत, आणि रांगेत मध्येच घुसणाऱ्या बाईचा निरागस चेहराही तोच.

शाळा मात्र उघडल्या. त्या पावसासाठी थांबत नाहीत. माझी पुतणी शुभांगी नायगावला गटशिक्षणाधिकारी आहे. राहते आमच्याच वरच्या मजल्यावर. सकाळी खाली चहाला येते तेव्हा तिच्याआधी तिच्या फोनचा आवाज जिना उतरतो. पुण्याहून पत्र, मुंबईहून पत्र, विभागाचं, जिल्ह्याचं, आणि आधीच्या पत्राची आठवण करून देणारं आणखी एक पत्र. आमच्या काळी कागदावर 'तात्काळ' लिहीत आणि तो सावकाश येई. आता 'अति तात्काळ' लिहितात आणि तो खरंच येतो. मला पहिली पद्धत जास्त माणुसकीची वाटते.

"काय गं, आज काय म्हणतंय सरकार?"

"या आठवड्यात दोन सप्ताह आणि एक पंधरवडा साजरा करायचाय, काका."

"आणि मुलांनी शिकायचं कधी?"

"त्याचं परिपत्रक अजून आलेलं नाही."

घराण्यातला तिरकसपणा पुढच्या पिढीत उतरलेला पाहून बरं वाटतं. पण परवा रविवारी ती तिरकसपणा वरच्या मजल्यावरच ठेवून आली. चहा गार होईपर्यंत ढवळत राहिली. कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली होती, संध्याकाळपर्यंत. शेवटचा रकाना होता: जवळच्या शाळेत समायोजन शक्य आहे काय? होय किंवा नाही.

"होय लिहिलं की संपतं," ती म्हणाली. "नाही लिहिलं की कारण विचारतात."

समायोजन हा शब्द नवा आहे. आमच्या वेळी 'शाळा जोडणे' म्हणत. दोन्हींचा अर्थ एका दाराला कुलूप लागणे एवढाच होतो. पण तो शब्द ऐकला आणि मला एक कुलूप लावलेलं दार आठवलं, त्यावरची खडूची ओळ आठवली, आणि त्या वर्षीचा उन्हाळा चहाच्या कपापर्यंत चालत आला.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास मी तिथल्या एका तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी होतो. तालुक्याचं नाव सांगत नाही. तिथून अजून लग्नाच्या पत्रिका येतात. जिल्हा होणं म्हणजे काय हे आम्हाला आधी कमानींवरून कळलं. मग हारांवरून. मग भाषणांवरून. वक्ते इतके होते की जिल्हा व्हायच्या आत जिल्ह्याचा इतिहास सांगून झाला. सर्वांत खरा आनंद पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांना झाला असावा. दवाखाना, कचेरी, गोदाम, शाळा, सगळीकडं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहायचं होतं. कित्येक पाट्यांवर ओल्या पांढऱ्या रंगाखालून जुनं नाव डोकावत राही.

आमचे छापील कागदही जुन्याच जिल्ह्याचे होते. ते वाया घालवायचे नाहीत असा आदेश होता. म्हणून नाव खोडायचं आणि वर रबरी शिक्क्यानं 'लातूर' उमटवायचं. हे काम आवक-जावक पाहणाऱ्या खाजाभाईंकडं होतं. पान खात, एका लयीत ते शिक्का मारत आणि तो दर वेळी तिरका पडे.

"खाजाभाई, जरा सरळ मारा की."

"नवा जिल्हा हाय साब. मुंडी धरायला वेळ लागतो लेकराला."

त्या ऑफिसचा वास अजून नाकात आहे. सायक्लोस्टाइलची काळी शाई, स्टेन्सिलचं मेण, आणि खिडकीतून येणारा तेलघाण्याचा करडईचा वास. परिपत्रक वरून एक येई. आमचा टायपिस्ट ते स्टेन्सिलवर ठोके, मग यंत्राचा दांडा फिरवून प्रती निघत. पहिल्या प्रती काळ्याभोर, शेवटच्या इतक्या फिकट की लांबच्या वाड्यांपर्यंत सरकार पोचताना भूत होऊनच पोचे. मुख्याध्यापकांची महिन्याची बैठक भरे. तिथं प्रत्येक परिपत्रक मोठ्यानं वाचून दाखवायचं, मग सगळ्यांनी 'वाचले' म्हणून सही करायची, हा रिवाज. ऐकणारे निम्मे एसटीच्या वेळेकडं कान लावून बसलेले. तरी वाचन व्हायचंच. देवळात पोथी लावतात तेव्हा तरी कोण अर्थ विचारतं?

जिल्ह्याचं कौतुक ओसरलं नव्हतं तोच पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष कसंतरी गेलं, दुसऱ्या वर्षी विहिरी खडखडल्या. शेतातली माणसं रोजगार हमीच्या कामावर गेली. कुठं रस्ता, कुठं नाला, कुठं पाझर तलाव. लातूरच्या मिलमधल्या डाळीची धूळ आणि रस्त्यावरची धूळ यांतला फरक फक्त गिऱ्हाइकाला कळे. आणि अशा वर्षी आम्हाला वृक्षारोपणाचं परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेनं रोपं लावावीत, ती जगवावीत, आणि जगलेल्या रोपांचा अहवाल द्यावा. एका मुख्याध्यापकानं बैठकीत उठून विचारलं, "साहेब, जगलेल्या माणसांचा बी रकाना हाय का त्यात?" सगळे हसले. मग त्यानं सही केली: 'वाचले'.

त्याच बैठकीनंतर दुसरं एक परिपत्रक आलं. तपासणीच्या दिवशी ज्या एकशिक्षकी शाळेत मुलं फारच थोडी आढळतील ती शेजारच्या गावच्या शाळेला जोडावी. हे मात्र झपाट्यानं आलं, जवळजवळ टवटवीत. आमच्या तालुक्यातली पहिली शाळा ठरली खैरवाडीची, अगदी नांदेडच्या हद्दीला टेकलेली. पट बरा होता, पण लागोपाठच्या तपासण्यांत वर्ग रिकामा मिळाला होता. आदेश माझ्या पिशवीत देऊन साहेबांनी मला पाठवलं. साहेब लातूरहून नुकतेच आलेले, नेमस्त, स्वच्छ कपड्यांचे गृहस्थ. वाईट माणूस नव्हे. कागदाशिवाय त्यांना अंधारात चाचपडल्यासारखं होई, इतकंच.

फाट्यावर एसटीतून उतरलो आणि चालत गेलो. गावात कुत्र्यांनासुद्धा भुंकायचा उत्साह नव्हता. शाळेला कुलूप. दारावर खडूनं सुरेख अक्षरात लिहिलेलं: शाळा तलावावर आहे.

पारावर एक म्हातारा बसला होता. मी विचारायच्या आत म्हणाला, "मास्तरीनबाई सगळी पोरं घेऊन गेल्या जी. लई दिस झाले. गावात आता आमीच. आमचा पट घ्या लिहून."

"किती लांब आहे तलाव?"

"तलाव कुठला आलाय? खड्डा हाय. पाऊस आला तर तलाव म्हना."

टेकाड ओलांडलं आणि ते काम दिसलं. भोवरा फिरावा तशी माणसं फिरत होती. डोक्यावर घमेली, टिकावांचे आवाज, आणि या सगळ्यावर पिठासारखी पांढरी माती. चढाच्या बाजूला दोन बाभळींमध्ये जुनी लुगडी बांधून सावली केली होती. सावलीत ओळीनं चपटे दगड मांडलेले, दगडांवर मुलं. एका बाभळीला शाळेची पाटी टेकवली होती. पेंटरनं नुकतीच रंगवलेली: जि. प. प्राथमिक शाळा, खैरवाडी, जि. लातूर. पाटी लातूरची, जमीन मात्र नांदेड जिल्ह्याची. हद्दीचा दगड मी मघाशीच ओलांडला होता.

मुख्याध्यापिका, शिक्षिका, शिपाई, सगळं एकच बाई: महानंदाबाई. उदगीरकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या, कपाळावर भस्माची बारीक रेघ. सगळं गाव त्यांना अक्का म्हणे. मला पाहून त्या दचकल्या नाहीत.

"या साहेब. शांते, साहेबाला पाणी दे."

चौथीतली एक मुलगी उठली. कोपऱ्यात अर्धा पुरलेला रांजण होता, त्यातून तिनं पेला भरला. काठोकाठ. मी दोन घोट पिऊन उरलेलं टाकणार, तेवढ्यात अख्खी शाळा पेल्याकडं बघतेय हे लक्षात आलं. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. वर्ग पुन्हा पाढ्याकडं वळला.

"पाणी मिळतं का इथं?" मी विचारलं.

"टँकरचं येतं मजुरांना. पोरानं येताना आईच्या घागरीतलं एक फुलपात्र आणायचं आणि रांजणात ओतायचं. हीच आमची हजेरी. नावं पुकारायचं काम न्हाई. रांजण कुठवर चढला ते बगायचं."

पाट्या पुसायला एक ओलं फडकं होतं, ओळीतून हाताहातानं फिरणारं. शेवटच्या मुलानं ते नेऊन एका रोपट्यावर पिळलं. काळपट पाण्याचे चार थेंब. लिंबाचं रोप होतं, वीतभर, पानं अगदी तुकतुकीत.

"वृक्षारोपण," अक्का म्हणाल्या, चेहरा न हलवता. "वाचून दाखवलं होतं तुमी."

दगडांची व्यवस्था पाहिली. पहिलीला लहान, चौथीला मोठे, मुलांच्या बापांनी निवडून आणून चढावर घट्ट बसवलेले. मुकादमानं सुरुवातीला आरडाओरड केली होती म्हणे, मोजमापाच्या ढिगातले दगड शाळेत गेले म्हणून. मग त्याचीही दोन मुलं येऊन बसली आणि मोजमाप आपोआप जुळलं.

"परवा नांदेडचे साहेब येऊन गेले," अक्का म्हणाल्या. "पोरं मोजली. लई खूश. म्हणले, माझ्या हद्दीत अशी शाळा हाय हे मलाच ठाऊक न्हवतं."

"मुलं लातूरची आहेत हे तुम्ही सांगितलं नाही?"

"पाटी होती की समोर. तपासायला आलेला मानूस वाचत न्हाई साहेब, मोजतो."

त्या नांदेडच्या साहेबांनी खुशीत त्यांना एक परिपत्रक देऊन टाकलं होतं. अक्कांनी ते पदराआडच्या पिशवीतून काढलं. राज्याचंच होतं. दुष्काळी कामांवर गेलेल्या मुलांसाठी कामाच्या जागीच वर्ग भरवावेत, आणि ती मुलं आपापल्या शाळेत हजर धरावीत. मी दोनदा वाचलं. हे आमच्याकडं आलंच नव्हतं. नव्या जिल्ह्याचं टपाल तेव्हा अजून वाटा शोधत असे. काही पत्रं जुन्या पत्त्यांवर मुक्काम करून येत, काही तिथंच स्थायिक होत. जोडण्याचं परिपत्रक धावत आलं होतं आणि वाचवणारं कुठंतरी झोपलं होतं. तीच मुलं नांदेडच्या कागदावर हजर होती आणि लातूरच्या कागदावर गैरहजर.

मग मला माझी पिशवी उघडावी लागली. अक्कांनी आदेश उभ्यानंच वाचला. घडी घातली.

"शेजारच्या गावाला जोडा म्हनतात. मधी नाला, पलीकडं माळ. पोरं जातील एकवेळ. पोरींना कोन पाठवतंय?" त्यांनी रांजणाकडं पाहिलं. शांता पेला परकराच्या टोकानं पुसून पालथा घालत होती. "ही उद्यापासून शेरडांमागं जाईल साहेब. आनि परत येनार न्हाई. एकदा सुटलं की सुटलं. पोरं गेली कुठं, असं ह्या कागदात कुठंच इचारलं न्हाई का वो?"

नव्हतं विचारलं. मी आदेश पुन्हा पिशवीत घातला. 'बाई जागेवर भेटल्या नाहीत' असं सांगायचं ठरवलं. जागेवर नव्हत्याच त्या. येताना ते नांदेडचं परिपत्रक मागून घेतलं.

साहेबांनी ते चष्मा पुसून पुसून वाचलं. मलाही वाटलं, झालं काम. मग त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"आवक क्रमांक कुठाय?"

"आपल्याकडं आलंच नाही साहेब. नांदेडला आलंय."

"मग आपल्याला लागू कसं?"

"राज्याचं आहे."

"राज्याचं आहे हो. पण आपल्याकडं आलेलं नाही ना."

मी खाजाभाईंकडं पाहिलं. ते गंभीरपणे म्हणाले, "बराबर हाय साबांचं. कागद आला तर हुकूम, न्हाई आला तर अफवा."

या दोघांना हसणं सोपं आहे. मी पुढं पुष्कळ वर्षं हसलो, बैठकांतून किस्सा म्हणून सांगितला. आता वाटतं, साहेबांना ती शाळा बंद करायची हौस नव्हती. कुणीतरी वरून 'करू नका' म्हणावं याची ते वाट पाहत होते. ते म्हणणं समोर टेबलावर पडलेलं होतं, पण दारातून आलेलं नव्हतं. पाहुणा घरात बसलाय आणि यजमान दारात उभं राहून त्याची वाट बघतोय, अशी ती अवस्था.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. अक्का आल्या. मी त्यांना व्हरांड्यात गाठून जे झालं ते सांगितलं. वाटलं, संतापतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे टपालानं याया पायजे?"

"हो. टपालानं आलं की आवक होते."

त्या माझ्याकडून कागद घेऊन उतरल्या, समोरच्या पोस्टात गेल्या. पाकिटावर आमच्याच ऑफिसचा पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं. पोस्ट आणि ऑफिस यांच्यात एक रस्ता आणि एक रसवंती होती. परत येऊन त्या मागच्या बाकावर बसल्या, सगळी परिपत्रकं ऐकली आणि सही केली: 'वाचले'.

रस्ता ओलांडायला सरकारी टपालानं आपला वेळ घेतलाच. त्या मधल्या दिवसांत साहेब मला रोज विचारत, "खैरवाडीचा आदेश बजावला का?" आणि मी रोज सांगे, "बाई जागेवर भेटत नाहीत." अखेर पोस्टमन आला. खाजाभाईंनी पाकीट फोडलं, कागद ओळखला, पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला, आणि शिक्का मारला. त्या दिवशी तो सरळ पडला.

साहेब पाकीट बघून म्हणाले, "पाठवलं कुणी?"

"खाली राज्याच्या साबाची छापील सही हाय," खाजाभाई म्हणाले. "टपालातनं आलं. आता हुकूम झाला."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला सुटका म्हणतात. हिरव्या शाईनं त्यांनी लिहिलं, 'तात्काळ कार्यवाही करावी,' आणि माझ्याकडून जुना आदेश परत घेतला. पुढच्या बैठकीत ते परिपत्रक मोठ्यानं वाचलं गेलं. मागच्या बाकावर अक्का ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकत होत्या. त्या वर्षी खैरवाडीची मुलं दोन जिल्ह्यांच्या अहवालांत झळकली. दुष्काळात एवढं भरघोस पीक दुसरं कुठलं आलं असेल असं वाटत नाही.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. कमान उभारून त्याचंही पूजन झालं, भाषणं झाली. अक्का पाटी घेऊन मुलांसह गावात परतल्या, दार उघडलं, खडूची ओळ पुसली. लिंबाचं रोप मुलांनी आधीच मातीसकट उचलून शाळेच्या अंगणात नेलं होतं. दगड तिथंच राहिले, पाण्याखाली. शांता सातवीपर्यंत शिकली असं कळलं होतं. पुढचं ठाऊक नाही. खाजाभाई गेले, अक्काही गेल्या. मी नांदेडला बदलून आलो तो इथलाच झालो.

हे सगळं मी शुभांगीला चहावर सांगितलं. तिनं कप ठेवला आणि म्हणाली, "चला, दाखवा मला तो तलाव." रविवार होता, पण फोनला रविवार नसतो. वाटेत तो पर्समध्ये किटकिटत होता. अर्धापूरची केळी घेऊन हातगाडे रस्त्याला लागले होते. घड बारीक, भाव तगडा. माळामागून माळ गेले, सगळे भाजल्यासारखे.

तलावात मधोमध थोडं हिरवट पाणी उरलं होतं. आम्ही चढाच्या बाजूनं उतरलो. बाभळी कधीच गेल्या होत्या. मातीला भेगा पडलेल्या, आणि भेगांमध्ये, मी थांबलोच, चपटे दगड. ओळीनं. काही गाळात कलले होते, पण ओळी होत्या. पुढं लहान, मागं मोठे.

बाजूला शेरडं राखणारी एक म्हातारी होती. शुभांगीनं विचारलं, "आजी, हे दगड कसले?"

"शाळा हाय बाई ती," ती म्हणाली, जणू कुणालाही ठाऊक असावं. "पानी हटलं की उघडती. पाऊस आला की तिला सुट्टी."

शुभांगी पहिल्या ओळीतल्या एका दगडावर बसली. तो तिला फार लहान होता; गुडघे हनुवटीपाशी आले. फोन वाजला. तिनं पर्समधून काढून पाहिला. शेवटचा रकाना भरायचा राहिला होता, जिल्ह्याहून आठवण आली होती. मला उन्हातही त्या पडद्यावरच्या रेंजच्या दांड्या दिसल्या, सगळ्या उभ्या.

तिनं फोन शेजारच्या दगडावर पालथा ठेवला.

"इथं रेंज नाही, काका," ती म्हणाली.

दगडावर फोन पुन्हा वाजू लागला.